फॉन्ट कॉम्प्युटरवरून काढलात, साइटवरून कधी काढलात?

सांगली जिल्ह्यातल्या एका प्रेसवाल्या वाचकांचा मेल आलाय. लग्नपत्रिका छापतात. २०१९ मध्ये रीतसर बिल घेऊन मराठी फॉन्टचा एक सेट विकत घेतला, एका कॉम्प्युटरसाठी. ऑक्टोबर २०२१ मध्ये ओळखीच्या एका पोराकडून वेबसाइट करून घेतली, त्या पोराने प्रेसच्या कॉम्प्युटरवरचा तोच फॉन्ट उचलला, फुकटच्या ऑनलाइन कन्व्हर्टरमधून वॉफ-टू फाइल (वेबसाइटवर चालणारं फॉन्टचं रूप) केली आणि साइटवर चढवली. यंदा ११ मार्चला फॉन्ट कंपनीच्या वकिलाची नोटीस आली, ३ लाख ४० हजार भरा आणि वापर बंद करा. ह्यांनी १४ मार्चला कॉम्प्युटरवरून फॉन्ट अनइन्स्टॉल केला आणि निवांत झाले. साइटवर तो १३ जूनपर्यंत चालूच होता. मधल्या काळात नोटिशीवरच्या नंबरला व्हॉट्सअ‍ॅप पण केलाय, "सर चूक झाली, काहीतरी कमी करा." आता दुसरी नोटीस आलीय आणि ह्यांचा प्रश्न आहे, आता फॉन्ट कुठेच नाही, मग पैसे कशाचे मागतायत?

असे मेल बरेच येतात, डिझायनर, पतसंस्था, शाळा, दिवाळी अंकवाले. त्यामुळे "अक्षरं काय कुणाच्या मालकीची असतात का" ह्या वादात मी शिरत नाही. अक्षराचा आकार वेगळा आणि फॉन्टची फाइल वेगळी. आकाराला आपल्याकडे कॉपीराइट मिळणं अवघड आहे, आनंदा एक्स्पान्डेड इटॅलिक्स नावाच्या टाइपफेसची नोंदणी कॉपीराइट बोर्डाने नाकारली होती, पण तुम्ही आकार वापरलेला नाही, फाइल वापरली आहे, आणि फाइल हा कॉम्प्युटर प्रोग्राम आहे असंच कंपनी म्हणणार. त्यावर वाद घालता येईल, नाही असं नाही, पण त्या वादावर घरदार लावू नका.

सगळं अडकलंय ते ११ मार्च ते १३ जून ह्या ९४ दिवसांत.

अहो, जिथे फॉन्ट ठेवायचा तुम्हाला पूर्ण हक्क होता तिथून तुम्ही तो तीन दिवसांत काढलात, आणि जिथे हक्क नव्हता तिथे तीन महिने ठेवलात. डेस्कटॉप लायसन्स तुमच्याकडे आहे, बिल आहे, त्या कॉम्प्युटरवर पत्रिका छापायला तो फॉन्ट आजही चालतो (लायसन्समध्ये मुदत किंवा रद्द करायची अट नसेल तर, ते वाचा). कंपनीचं भांडण साइटवरच्या कॉपीशी आहे. कंट्रोल पॅनलमधून फॉन्ट उडवला की वेबसाइटवरून पण उडतो असं तुम्हाला कोणी सांगितलं? वेबसाइटवर फाइल वेगळी बसलेली असते, सर्व्हरच्या फोल्डरमध्ये, आणि साइट उघडणाऱ्या प्रत्येक माणसाच्या ब्राउझरमध्ये तिची नवी कॉपी उतरते. तुमचा कॉम्प्युटर बंद असला तरी.

आता हे ९४ दिवस एवढे का नडतात ते सांगतो. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५५ मध्ये एक परंतुक, म्हणजे "मात्र असं असेल तर" असा अपवाद, आहे आणि बहुतेक लोक त्यावरच विसंबून असतात, की मला माहीतच नव्हतं. ते परंतुक नीट वाचा. "मी चूक करतोय हे माहीत नव्हतं" असं तिथे नाहीये. ह्या फाइलवर कॉपीराइट आहे हे माहीत नव्हतं आणि तसं वाटायला काही वाजवी कारणही नव्हतं, असं सिद्ध करावं लागतं, तुम्हाला, कंपनीला नाही. ते जमलं तर कंपनीला फक्त मनाई हुकूम आणि तुमच्या नफ्यातला हिस्सा मिळू शकतो, नुकसानभरपाई नाही. पण तुमच्याकडे तर बिल आहे! फॉन्ट विकत घेतलात म्हणजे तो कोणाच्या तरी मालकीचा आहे हे २०१९ पासून माहीत होतं, इन्स्टॉल करताना लायसन्सवर "आय अ‍ॅग्री" पण दाबलेलं असणार. तेव्हा छापखान्यातल्या वापरापुरतं जे बिल तुम्हाला वाचवतं तेच बिल ह्या परंतुकाचं दार तुमच्या तोंडावर बंद करतं. तरीही ११ मार्चआधीच्या काळाबद्दल काहीतरी बोलायला जागा आहे, की साइट दुसऱ्याने केली, मला वेब लायसन्स वेगळं असतं ह्याची कल्पना नव्हती, मी मुद्दाम केलेलं नाही. रक्कम ठरवताना कोर्ट हे ऐकून घेऊ शकतं. ११ मार्चनंतर हे तोंडातून काढायचं नाही, कारण नोटिशीत साइटचा पत्ता आणि फॉन्टचं नाव दोन्ही लिहिलंय.

नोटिशीत कलम ६३ बी पण टाकलंय. ते घाबरवायला टाकतात हे खरं, पण अगदी पोकळ नाही. "जाणूनबुजून" बेकायदा कॉपी वापरणं हा तिथला गाभा आहे, शिक्षा किमान सात दिवस ते तीन वर्षं आणि दंड पन्नास हजार ते दोन लाख. आणि जाणूनबुजून म्हणजे कधीपासून? परत तेच, ११ मार्च. माझ्या अंदाजाने पैसे मागणारी कंपनी लगेच पोलिसात जात नाही, पण ह्यावर कोणी छातीठोक सांगत असेल तर त्याचं ऐकू नका, माझंसुद्धा.

तुम्ही उशीर का केला ते मेलमध्ये लिहिलंय आणि ते मला पटलं पण. फॉन्ट जुन्या पद्धतीचा, युनिकोड (ज्यात फॉन्ट बदलला तरी मजकूर मराठीच राहतो) नाही, पत्रिकांच्या नमुन्यांचा सगळा मजकूर त्याच फॉन्टमध्ये पेस्ट केलेला, त्यामुळे फॉन्ट काढला की "चि. सौ. कां." च्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसणार. लग्नसराईत साइट अशी कोण ठेवेल. पण हे कारण तुम्ही कोणाला लेखी कळवलंत का? २० मार्चला दोन ओळींचा मेल केला असता की मजकूर युनिकोडमध्ये बदलायला तीन आठवडे लागतील, तोवर मुदत द्या, तर आज हे ९४ दिवस वेगळे दिसले असते. त्याऐवजी काय केलं तर व्हॉट्सअ‍ॅपवर चूक कबूल केली आणि फॉन्ट चालू ठेवला. दोन्ही एकदम! तो मेसेज आता डिलीट करत बसू नका, त्यांच्याकडे स्क्रीनशॉट आहेच.

पुढे काय होईल. मागणी तीन लाखांच्या वर आहे म्हणून हा दावा कमर्शियल कोर्टात (व्यापारी वादांसाठीचं कोर्ट) जाऊ शकतो, आणि तिथे तातडीचा मनाई हुकूम मागायचा नसेल तर कंपनीला आधी मध्यस्थी करावीच लागते, कमर्शियल कोर्ट्स कायद्याचं कलम १२ ए, सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये पाटील ऑटोमेशनच्या केसमध्ये हे सक्तीचं आहे असं स्पष्ट केलंय. फॉन्ट साइटवर चालू होता तोवर कंपनी म्हणू शकत होती की उल्लंघन रोज चालू आहे, तातडी आहे, आम्ही थेट कोर्टात जातो. आता फॉन्ट खरोखर निघाला असेल तर ती तातडी सांगणं त्यांना जड जाईल. म्हणून १३ जूनला काढलात ते उशिरा का होईना बरं केलंत. मध्यस्थीचं पत्र जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून येतं, साध्या लिफाफ्यात येतं, लोक सरकारी काहीतरी म्हणून कपाटावर टाकतात. तुम्ही टाकू नका. तुम्ही गेला नाहीत तर मध्यस्थी झालीच नाही असा रिपोर्ट होतो आणि कंपनीला दावा लावायची मोकळीक मिळते. तीन महिन्यांत, दोघं तयार असतील तर आणखी दोन महिने वाढवून, प्रकरण मिटू शकतं. कोर्टात हेच प्रकरण किती वर्षं चालेल ते मी सांगत नाही, साक्षीपुराव्याला बोर्डावर यायलाच किती वेळ जातो ते ज्याने कोर्टाच्या व्हरांड्यात बाकड्यावर दिवस काढलेत त्याला विचारा. आणि दावा सांगलीतच लागेल असंही धरून चालू नका, कॉपीराइट कायद्याच्या कलम ६२ खाली कंपनी स्वतःच्या ठिकाणी पण दावा लावू शकते, त्याला काही मर्यादा आहेत पण म्हणून निश्चिंत राहू नका.

दावा लागलाच आणि समन्स मिळालं तर लेखी म्हणणं ३० दिवसांत. कोर्टाने मुभा दिली तरी १२० दिवसांच्या पुढे कमर्शियल दाव्यात एक दिवस मिळत नाही. तुमचा नोटिशीबाबतचा रेकॉर्ड बघता हे ठळक सांगतोय.

रकमेचं म्हणाल तर ३ लाख ४० हजार ही मागणी आहे, निकाल नाही. नुकसानभरपाईला मुदत तीन वर्षांची असते, लिमिटेशन अ‍ॅक्टचं आर्टिकल ८८, त्यामुळे दावा लागेल त्या दिवसापासून तीन वर्षांच्या मागचा वापर बहुधा बाहेर पडतो. २०२१ पासूनचा सगळा हिशोब त्यांनी नोटिशीत लावलाय, तो तसाच्या तसा मान्य करायचं कारण नाही. त्या काळात त्यांचंच वेब लायसन्स घेतलं असतं तर किती पडलं असतं, हा आकडा शोधा, बोलणी तिथून सुरू करा. त्याच्या किती पटीत मिटेल ते नाही सांगता येणार, ९४ दिवसांसाठी ते जास्त मागणार हे नक्की.

वेबसाइट करणाऱ्या पोरावर ढकलता येईल का? साइट तुमची, धंदा तुमचा, कंपनी तुम्हालाच धरणार. नंतर त्याच्याकडून वसूल करायचा प्रयत्न करता येईल, पण करार नाही, जीपेवर पैसे दिले, त्यात काय काम ठरलं होतं ह्याचा कागद नाही. विसरा. आणि कोणीतरी तुम्हाला कॉपीराइट कायद्याचं कलम ६० सांगितलंय, निराधार धमकीबद्दल उलटा दावा. धमकी निराधार असती तर.

आधीच्या छापलेल्या पत्रिकांची काळजी करू नका, छापणं हे डेस्कटॉप लायसन्समध्ये साधारणपणे येतंच. साइटवर कॅटलॉगच्या पीडीएफ ठेवल्या असतील तर लायसन्समधला एम्बेडिंगचा (डॉक्युमेंटच्या आत फॉन्ट बसवण्याचा) परिच्छेद बघा. तुम्ही लिहिलंय की फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये एम्बेडिंग चालतं असं दाखवतं. ती तांत्रिक खूण आहे, डॉक्युमेंटमध्ये फॉन्ट बसवण्याबद्दलची, वेबसाइटची परवानगी नाही. शिवाय फाइलचं रूप बदलायला, म्हणजे टीटीएफची वॉफ-टू करायला, बऱ्याच लायसन्समध्ये सरळ मनाई असते.

"फॉन्ट कुठेच नाही" ह्यावर माझा अजून विश्वास नाही. साइट उघडून एफ-१२ दाबा, नेटवर्कमध्ये फॉन्टवर क्लिक करून पान परत लोड करा, कोणत्या फाइल उतरतात ते दिसेल. थीमच्या फोल्डरमध्ये, पेज बिल्डरच्या कस्टम फॉन्टमध्ये, सीएसएसमधल्या (साइटचं रूप ठरवणारी फाइल) फॉन्ट-फेसच्या ओळीत, सीडीएनच्या (साइटच्या कॉपी जागोजागी ठेवणारी सेवा) कॅशमध्ये आणि त्या पोराने टेस्टिंगला ठेवलेल्या दुसऱ्या साइटवर, एवढ्या ठिकाणी बघा. सीएसएसमधून नाव काढलं पण फाइल सर्व्हरवर तशीच राहिली तर लिंक टाकून ती कोणीही उतरवू शकतं, कंपनीचा माणूस तर नक्कीच.

नोटिशीला उत्तर वकिलामार्फत, ह्या आठवड्यात, वर "विदाउट प्रेज्युडिस" (आमचे हक्क राखून) लिहून. त्यात माफी नको, आकडा नको. बिल जोडा, साइटवरून काढल्याची तारीख द्या, मध्यस्थीची तयारी दाखवा, बस. कंपनी उत्तर न देता बसून राहिली तरी तुम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर परत काही लिहायचं नाही.

शेवटी विचारलंय की गूगल फॉन्टवरचे मराठी फॉन्ट लावले तर चालतील का, जर्मनीत म्हणे केस झाली. म्युनिकच्या कोर्टाने जानेवारी २०२२ मध्ये १०० युरो द्यायला लावले ते फॉन्टच्या हक्काबद्दल नव्हते, साइट बघणाऱ्याचा आयपी पत्ता गूगलकडे जातो म्हणून, तिकडच्या प्रायव्हसी कायद्याखाली. तुमचा त्याच्याशी संबंध नाही. मुक्त, बालू, हिंद, टिरो देवनागरी मराठी हे सगळे ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहेत, साइटवर स्वतःच्या सर्व्हरवरून वापरा, छापा, काही अडचण नाही. फाइल जिथे ठेवाल तिथे लायसन्सची टेक्स्ट फाइल पण ठेवा आणि नुसता फॉन्ट सुटा विकू नका. टिरोमध्ये ल आणि श मराठी वळणाचे आहेत, पत्रिकेला बरा दिसेल.

आता सर्वात आधी एक करा. १३ जूनला फाइल निघाली हे तुम्ही तोंडी सांगताय, पुरावा सर्व्हरच्या लॉगमध्ये आणि बॅकअपमध्ये आहे, होस्टिंगवाले जुने लॉग आपोआप पुसतात. लॉग गेला तर कंपनी म्हणेल जुलैपर्यंत चालू होता आणि तुमच्याकडे दाखवायला काही नसेल. कोर्टात द्यायचा तर कलम ६३ चं सर्टिफिकेट लागेल (नव्या साक्ष अधिनियमातलं, कॉपीराइटचं ६३ नव्हे), ते कसं आणि कोणाच्या सहीने करायचं ते वकील सांगेल. त्या पोराला फोन करा, जूनचा बॅकअप आणि लॉग उतरवून ठेव म्हणा, काही डिलीट करू नको म्हणा, आज रात्री.