हवेचा हिशोब वर ठेवायचा असतो

ताई, आधी मुलाचं अभिनंदन. तुमचा प्रश्न असा आहे: मुलगा नौदलाच्या डायव्हिंग कोर्सला निघालाय, आणि २०१८ साली ब्रिटिश आर्मीचा एक जवान सरावाच्या बुडीत गेला ती बातमी वाचल्यापासून तुमची झोप उडालीय. असं कुणी गेल्यावर सैन्यात खरंच काही बदलतं, की चौकशी होते, फाइल बांधली जाते आणि पुन्हा ये रे माझ्या मागल्या? वर दोघांनी लिहिलंय की आता भारीतली उपकरणं आली आहेत, काळजी करू नका. मला ते उत्तर पटलं नाही म्हणून लिहायला बसलो. लांबेल जरा.

मी सतरा वर्षं नौदलात डायव्हर होतो, कोचीच्या नौदल डायव्हिंग स्कूलमध्ये शिकलो. निवृत्तीनंतर नऊ वर्षं बंदरांच्या कामांवर डायव्हिंग सुपरवायझर म्हणून काढली. आता गुडघे बोलायला लागलेत, त्यामुळे घरी असतो आणि अशा प्रश्नांवर टंकत बसतो.

तुम्ही वाचलेली घटना २६ मार्च २०१८ची. वेल्सच्या हद्दीला लागून चेपस्टो म्हणून गाव आहे, त्याच्या जवळ दगडाची जुनी खाण पाण्याने भरलेली आहे आणि तिथं तेव्हा डायव्हिंगचं केंद्र चालायचं. आर्मीचा एक लान्स कॉर्पोरल २७ मीटरवर काम करत होता. कमरेला दोर, दोराचं दुसरं टोक वरच्या माणसाच्या हातात. खालून दोराच्या खुणांना उत्तर येईना, म्हणून त्याला वर काढलं. त्याच्या बाटल्यांत हवाच शिल्लक नव्हती.

आता यात उपकरण कुठं बिघडलं? बाटली संपली, एवढंच.

त्या देशात कामाच्या जागेची सुरक्षा पाहणारी जी सरकारी संस्था आहे, हेल्थ अँड सेफ्टी एक्झिक्युटिव्ह, तिने संरक्षण मंत्रालयाला दोन नोटिसा काढल्या. एक अशी की आर्मीच्या सगळ्या डायव्हरांना हवा किती वेळ पुरेल याचं गणित शिकवलेलं नाही, ते शिकवा. दुसरी अशी की पाण्याखाली हवा संपण्याचा धोका तुम्ही तपासूनच पाहिलेला नाही, तो तपासा. मी त्या नोटिशींबद्दल पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोनदा वाचलं. जगातल्या जुन्या सैन्यांपैकी एक, आणि त्यांना सांगावं लागतंय की बाबांनो, भागाकार शिकवा.

भागाकार म्हणतोय तो हा. पाण्यात दर १० मीटरला दाब एक बारने वाढतो, आणि वर हवेचा एक बार आधीचाच असतो. म्हणजे २७ मीटरवर ३.७ बार. जमिनीवर मिनिटाला २० लिटर हवा ओढणारा माणूस तिथं ७४ लिटर ओढतो, तेही आरामात पोहत असेल तर. तोच माणूस पाना घेऊन गंजलेला नट सोडवायला लागला की २० च्या जागी ४० धरायचे, म्हणजे खाली १४८. आता १२ लिटरची बाटली घ्या, २०० बारला भरलेली. २४०० लिटर हवा झाली. त्यातले ५० बार, म्हणजे ६०० लिटर, मोजायचेच नाहीत. ते वर यायला, आणि काही अडलं-नडलं तर. उरले १८००. पोहणाऱ्याला २४ मिनिटं मिळाली, नट सोडवणाऱ्याला १२. बाटली तीच, खोली तीच. थंडी वाजत असेल किंवा माणूस घाबरला असेल तर १२ सुद्धा नाहीत.

हे गणित आठवीतल्या पोराला येतं. डायव्हरलाही येतं, कोर्सच्या पेपरात विचारतात. प्रश्न आहे तो रोज सकाळी, बोटीवर, घाईत, ते कोण करतं याचा.

माझीच गोष्ट सांगतो. पश्चिम किनाऱ्यावरचं एक बंदर, नाव नको, कंत्राटदाराचंही नको. जेट्टीच्या खांबावरची जुनी पट्टी कापून काढायची होती, १४ मीटरवर. मी नुकताच नौदलातून बाहेर पडलेलो, अंगात रग. सुपरवायझर म्हणून जो होता तो फोनवर होता. बाटली भरलेली आहे असं पोराने सांगितलं, मी पाठीवर घेतली आणि उतरलो. पाणी असं की मास्कच्या काचेला हात लावला तरी बोटं दिसत नव्हती. बाटलीत किती हवा उरली ते दाखवणारं गेज बघायचं तर काचेला टेकवून त्यावर टॉर्च मारावा लागतो, आणि हातात करवत असताना ते कोण करतं! डोक्यात धरून चाललो होतो की अठरा मिनिटं आहेत. सतराव्या मिनिटाला, म्हणजे वरच्या घड्याळात नंतर कळलं ते सतरा, श्वास जड झाला. स्ट्रॉने घट्ट मिल्कशेक ओढताना होतं ना, तसं. मी करवत सोडली आणि वर आलो. बाटलीत दहा-बारा बार राहिले असतील.

बाटली २०० ला नव्हतीच. सकाळी कुणीतरी तीच घेऊन पाच मिनिटं अँकर बघून आला होता आणि जागेवर परत ठेवली होती. मी उतरलो तेव्हा तिच्यात १५० होते. राखीव सोडून १२०० लिटर, १४ मीटरला मिनिटाला ९६, म्हणजे साडेबारा मिनिटं. मी राखीव हवा खाऊन संपवत आणली होती आणि मला पत्ताच नव्हता.

त्या दिवसापासून मी जिथं सुपरवायझर होतो तिथं बोटीवर एक काळी पाटी असायची. शाळेतली, लाकडी चौकटीची. त्यावर डायव्हरचं नाव, बाटलीचा नंबर, बार, खोली, मिनिटं आणि परत बोलवायची वेळ. गेज डायव्हरने स्वतः मोठ्याने वाचायचं, मी ते मोठ्याने परत म्हणायचं, मग लिहायचं. भरून गरम असलेली बाटली थंड झाल्याशिवाय आकडा घ्यायचा नाही, कारण उन्हात २०० दाखवणारी बाटली पाण्यात गेली की १८५ दाखवते. पाटीवर परतीची वेळ आली की चार झटके, वर ये. काम दोन नटांवर आलं असेल तरी वर ये. पोरं मला ‘पाटीवाले काका’ म्हणायची, माझ्या पाठीमागे आणखी काय म्हणायची ते माहीत आहे.

हिशोब वर ठेवायचा तो यासाठी. खाली असलेल्या माणसाला दिसत नाही, थंडी असते, हात कामात असतो, आणि डोकं नेहमीपेक्षा मंद चालतं. ऑगस्ट २०१३ मध्ये सिंधुरक्षक पाणबुडी मुंबईच्या नौदल गोदीत स्फोट होऊन बुडाली, १८ जण आत होते. तिथं उतरलेल्या डायव्हरांना सगळं हाताने चाचपत शोधावं लागलं. तशा पाण्यात माणूस गेज बघत राहील यावर विसंबून कुणाचा जीव ठेवता येत नाही.

आता उपकरणांबद्दल. हवा नळीने वरून देण्याची पद्धत आहे. ती नळी, टेलिफोनची तार आणि दोर मिळून जी जाड वेणी होते तिला आम्ही अंबिलिकल म्हणतो, म्हणजे नाळच. ती असली की डायव्हर वरच्याशी बोलू शकतो आणि हवा बाटलीपुरती राहत नाही. कामाच्या बुडीसाठी मी केव्हाही तीच घेईन. पण नळी तुटली तर म्हणून पाठीवर छोटी बाटली असते, आणि तिचंही गणित करावंच लागतं. ४० मीटरवर ती छोटी बाटली किती मिनिटांची आहे हे विचारलं की भले भले गप्प होतात. १८ जुलै २०२५ ला विशाखापट्टणमला निस्तार हे डायव्हिंगचं जहाज नौदलात आलं. अभिमान वाटला. पण ते खोल समुद्रातल्या कामासाठी. तुमचा मुलगा सुरुवातीची वर्षं बहुतेक जहाजांच्या तळाखाली, दहा-बारा मीटरच्या गढूळ पाण्यात काढणार आहे.

आणि उपकरण कितीही भारी असलं तरी त्याला भरणारा माणूसच. अमेरिकन नौदलाने १९६९ मध्ये सीलॅब ३ म्हणून समुद्रतळावर राहण्याचा प्रयोग केला होता, कॅलिफोर्नियाजवळ ६१० फूट खाली. त्या काळातली सगळ्यात पुढची यंत्रणा. राहायचं घर गळत होतं, ते दुरुस्त करायला थकलेली, गारठलेली माणसं दुसऱ्यांदा उतरवली, आणि १७ फेब्रुवारीला बेरी कॅनन गेला. नंतर सापडलं की श्वासातला कार्बन डायऑक्साइड शोषणारी पांढरी दाणेदार पूड एका संचाच्या डब्यात भरलेलीच नव्हती. डबा रिकामा. प्रयोग तिथंच थांबला. श्वासाच्या त्या उपकरणाला नावं ठेवायला जागाच नाही.

दुसरं एक उदाहरण, कारण इथं शिक्षेबद्दलही कुणीतरी विचारलंय. अमेरिकेत मेरिलँडमधल्या ॲबरडीन प्रूव्हिंग ग्राउंड या लष्करी चाचणीच्या तळावर १५० फूट खोल तलाव आहे, स्फोटांच्या चाचण्यांसाठी केलेला. २६ फेब्रुवारी २०१३ ला अमेरिकन नौदलाचे दोन डायव्हर तिथं साध्या स्कुबावर, म्हणजे फक्त पाठीवरच्या बाटलीवर, उतरले आणि दोघेही परत आले नाहीत. त्यांच्याच मॅन्युअलमध्ये स्कुबाची नेहमीची मर्यादा १३० फूट, त्यापलीकडे कमांडिंग ऑफिसरच्या परवानगीने. वर फेब्रुवारीचं पाणी. गार पाण्यात रेग्युलेटर, म्हणजे बाटलीतली हवा तोंडाला देणारी झडप, गोठून उघडाच राहिला की हवा फसाफसा सुटते आणि त्या खोलीवर बाटली बघता बघता रिकामी होते. महिनाही झाला नव्हता, ३० जानेवारीला त्याच तलावात आर्मीचा एक नागरी डायव्हर गेला होता. पुढे त्या युनिटच्या कमांडिंग ऑफिसरला पदावरून काढलं, सुपरवायझरांवर कोर्ट मार्शल चाललं.

शिक्षा योग्य होती का, यावर माझं मत दोन्हीकडे जातं. सुपरवायझर म्हणून मी सही करतो तेव्हा जीव माझ्या खात्यावर असतो, तिथं सुटका नाही. पण नुसतं सुपरवायझरला धरलं की पुढच्या बोटीवरचा सुपरवायझर शहाणा होतो, म्हणजे काय, तर थोडक्यात जीव वाचल्याचे प्रसंग रजिस्टरात लिहायचं बंद करतो. माझी ती १७ मिनिटांची बुडी कुठल्याच रजिस्टरात नाही. मीच सांगितली नाही. लाज वाटली, आणि पुढचं काम जाईल ही भीती होती. ती लिहिली गेली असती तर वापरलेली बाटली भरलेल्यांत ठेवायची नाही हा नियम तिथं त्याच आठवड्यात झाला असता. माझ्या मते अपघातानंतर पहिली सुधारणा हीच हवी: ‘आज माझी हवा संपत आली होती’ हे सांगणाऱ्याला कुणी हसणार नाही आणि कुणी बुडीवरून काढणार नाही.

ब्रिटनमध्ये कामाच्या सुरक्षेच्या कायद्याखाली सरकारी खात्यावर फौजदारी खटला भरता येत नाही, म्हणून मंत्रालयाला क्राउन सेन्शर दिलं जातं, म्हणजे नोंदवलेली ताकीद. लोक त्याला कागदी वाघ म्हणतात. ताकीद कागदीच आहे, पण त्या सुधारणेच्या नोटिशी तशा नाहीत, त्यात नक्की काय शिकवायचं ते लिहिलेलं आहे. दुर्दैव असं की चेपस्टोनंतर आठ महिन्यांच्या आत, १४ नोव्हेंबर २०१८ ला, इंग्लंडमधल्या पोर्टलँड बंदरात रॉयल मरीन्सचा, म्हणजे ब्रिटिश नौदलाच्या सागरी सैनिकांपैकी, एक जवान सरावातच गेला. त्याबद्दलही मंत्रालयाला सेन्शर झालं. आठ महिने म्हणजे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात परिपत्रक पोचायला लागतात तेवढे.

एक लक्षात आलं का तुमच्या? चेपस्टो, पोर्टलँड, ॲबरडीन, तिन्ही सराव. समोर शत्रू नाही, कुणी बुडत नाहीये, घाई कसलीच नाही. मग माणूस वर का येत नाही? कारण कोर्समध्ये वर परीक्षक उभा असतो. मी शिकत असताना कानात दुखत असूनही दोर ओढला नव्हता, कारण माझ्या आधीच्या तिघांनी ओढला नव्हता. पुढे आठ दिवस एका कानाने बहिरा होतो. आमचा एक चीफ होता, केरळचा, तो रोज पहिल्या बुडीआधी स्वतः म्हणायचा, ‘आज मला बरं नाही, मी उतरत नाही,’ आणि दुसऱ्याला पाठवायचा. दोन महिन्यांनी कळलं, त्याला काही झालेलं नसायचं. आम्हाला ते वाक्य ऐकायची सवय लावत होता.

स्टँडबाय डायव्हर, म्हणजे खालचा अडकला तर उतरायला वर थांबलेला, त्याच्याबद्दल एवढंच: तो पूर्ण तयार, मास्क गळ्यात, बाटलीचा आकडा पाटीवर. हातात चहाचा कप दिसला की मी कप समुद्रात टाकायचो. तीन-चार कप गेले असतील माझ्या हातून, एक तर स्टीलचा होता.

तुम्ही शेवटी विचारलंय, मुलाला काय सांगू. सांगू काही नका, त्याला तिथं सांगणारे भरपूर भेटतील. सुट्टीवर आला की जेवताना सहज विचारा: २७ मीटर, १२ लिटरची बाटली, २०० बार, किती मिनिटं? लगेच आकडा दिला तर ठीक आहे. पण आधी त्याने तुम्हालाच उलट विचारलं की ‘काम करतोय की नुसता पोहतोय? आणि बाटली कुणी बघितली?’, तर मला इथं येऊन जरूर कळवा.