प्राण्यांच्या शास्त्रीय नावांत सगळे ग्रीक योद्धेच का? आपल्या पुराणातलं कुणीच का नाही?

कुणीच नाही असं नाहीये, पण ते शेवटी सांगतो.

सुरुवात केली कार्ल लिनियस या स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञानं. १७५८ साली हा माणूस प्राण्यांना नावं द्यायला बसला, समोर फुलपाखरांचा ढीग, प्रत्येकाला रंगरूपावरनं नाव द्यायचं म्हटलं तर कुठवर पुरणार, मग गड्यानं सरळ ग्रीक पुराणकथांतल्या ट्रॉय नगरीच्या युद्धातली माणसंच उचलली. मोठ्या फुलपाखरांचे दोन पक्षच पाडले, ट्रॉयवाले आणि ग्रीक. ट्रॉयवाले बहुतेक काळे, छातीवर लाल ठिपके. आपल्याकडं दिसतं ते काळं-लाल क्रिमसन रोझ म्हणजे त्यातला हेक्टर, ट्रॉयचा राजपुत्र.

सांगलीत आमच्या दारातल्या कडीपत्त्यावर पावसाळ्यात हिरव्या अळ्या पडतात, आई वैतागते, तर त्या पॅपिलिओ डेमोलिअस या फुलपाखराच्या. डेमोलिअस हा ग्रीक शिपाई, ट्रॉयच्या लोकांना पळता भुई थोडी करायचा, त्याला ट्रॉयच्या एनिअस या वीरानं मारलं आणि त्याचं चिलखत पुढं खेळांच्या स्पर्धेत बक्षीस म्हणून देऊन टाकलं. दोन नोकरांना उचलता उचलेना एवढं जड होतं म्हणे. ही गोष्ट रोमन कवी व्हर्जिलच्या ईनिड या महाकाव्याच्या पाचव्या सर्गात आहे आणि भारी म्हणजे त्याच खेळांत एन्टेलस नावाचा म्हातारा मुष्टियोद्धा उतरतो, तरण्या गड्याला हरवतो आणि जिंकलेला बैल एका ठोशात आडवा करतो. १७९७ मध्ये ड्युफ्रेन या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञानं हे नाव कुणाला दिलं? आपल्या हनुमान लंगुराला, सेम्नोपिथेकस एन्टेलस! आमच्या कुस्तीच्या पट्ट्यात तालमीचा देव मारुती, त्यामुळं वानराला म्हाताऱ्या मल्लाचं नाव एकदम फिट बसलंय, पण मला तरी हा निव्वळ योगायोग वाटतो. पुढं लंगुरांच्या आणखी काही जातींनाही प्रायम, हेक्टर, एजॅक्स अशी ट्रॉयच्या युद्धातलीच नावं पडत गेली.

थोडक्यात, नावावरनं प्राण्याचा स्वभाव ओळखायला जाऊ नका, बऱ्याचदा काही संबंध नसतो.

आता आपले देव. हिमालयाच्या पायथ्याच्या शिवालिकच्या डोंगरात जिराफाच्या कुळातल्या एका धिप्पाड प्राण्याचे जीवाश्म सापडले, त्याला फाल्कनर आणि कॉटली या ब्रिटिश संशोधकांनी १८३६ मध्ये शंकरावरनं सिवाथेरियम नाव दिलं. तिथल्याच एप, म्हणजे बिनशेपटीच्या वानरांच्या जीवाश्मांना १९१० मध्ये सिवापिथेकस आणि १९३४ मध्ये रामापिथेकस. नंतर बहुतेक संशोधकांचं मत झालं की दोन्ही एकच, आणि आधीचं नाव टिकतं असा नियम, त्यामुळं शंकर राहिला आणि रामाचं नाव यादीतनं गेलं.