दुपारीच तुटणारा पॉलिफ्यूज

प्रश्न : आमच्या ठिबकाचे व्हॉल्व्ह चालवणाऱ्या 12 व्होल्टच्या कंट्रोलरचा काचेचा फ्यूज, उंदरांनी वायर कुरतडली की उडायचा आणि रात्री आखाड्यावर दुसरा मिळायचा नाही. म्हणून मी 0.50 अँपिअरचा, पुन्हा आपोआप जुळणारा पॉलिफ्यूज बसवला. व्हॉल्व्ह 0.40 अँपिअर घेतो. हिवाळा नीट गेला. एप्रिलपासून मात्र भर दुपारी व्हॉल्व्ह बंद पडतो आणि रात्री पुन्हा चालतो. पॉलिफ्यूज खराब झाला का?
— एक शेतकरी वाचक, सेलू, जि. परभणी

उत्तर : पॉलिफ्यूज चांगला आहे, तो उन्हाने तुटतो आहे, म्हणजे तापून करंट अडवतो आहे. त्या पिवळ्या चकतीत पॉलिमर असते आणि त्यात कार्बनचे बारीक कण मिसळलेले असतात. चकती थंड असताना हे कण एकमेकांना लागून विजेला वाट देतात; करंट वाढून ती सुमारे 125 अंशांपर्यंत तापली, की पॉलिमर वितळून फुगते, कण दुरावतात आणि रोध हजारो पटींनी वाढतो. या फ्यूजला कळते ती फक्त स्वतःची उष्णता. ती करंटने आली की डोक्यावरच्या पत्र्याने, हा भेद त्याला करता येत नाही.

दुकानात सांगितला जाणारा 0.50 हा आकडा 20 ते 25 अंशांच्या हवेतला असतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा 43-44 वर जातो आणि पत्र्याच्या खोलीतल्या बंद डब्यात 60 अंश सहज होतात. तेवढ्या उष्णतेत हाच फ्यूज साधारण 0.32 अँपिअरच पेलतो. तुमचा 0.40 त्याला तिथे जास्तच होतो.

तेव्हा 0.75 अँपिअरचा घ्यावा. तो 60 अंशांतही सुमारे 0.48 अँपिअर वाहू देतो. मात्र थंडीत तो साधारण 1.5 अँपिअरपुढे, तेही काही सेकंदांनी, तुटेल. म्हणून अडॅप्टर त्याहून मोठा हवा आणि बोर्डावरच्या ट्रान्झिस्टरने तेवढा वेळ तो करंट सोसला पाहिजे. ही बाजू लोक हमखास विसरतात.

माझ्याकडे दुरुस्तीला आलेल्या अशाच एका बोर्डात ही चकती रेग्युलेटरच्या हीटसिंकला टेकलेली होती आणि हलू नये म्हणून वरून गरम गोंद ओतलेला होता. चकतीला फुगायला जागा लागते. तिच्यावर गोंद किंवा आवरण घालू नये आणि तापणाऱ्या भागांपासून ती दूर ठेवावी. तुटलेला फ्यूज पुरवठा चालू असेपर्यंत थोड्या करंटवर गरमच राहतो, त्यामुळे वायर जोडल्यावर पुरवठा एकदा बंद करून त्याला निवू द्यावे. मोटारीच्या 230 व्होल्टच्या लाइनवर तो कधीही लावू नये. तिथे एमसीबीच (करंट वाढला की आपोआप पडणारा स्विच) हवा.

बसवण्याआधी 12 व्होल्टच्या बॅटरीला नवा पॉलिफ्यूज आणि गाडीच्या ब्रेकलाइटचा 21 वॉटचा बल्ब एकापाठोपाठ जोडून पाहावा. बल्ब आधी लख्ख पेटतो आणि थोड्या वेळाने मंदावत विझतो; तसे झाले, तर फ्यूज कामाचा आहे.