सेप्टिकच्या ड्रेन फील्डवरचं लॉन उन्हाळ्यात पिवळं पडतंय, पाणी मारू का?

अजिबात नको! अमेरिकेत ज्या घरांना सेप्टिक टँक (सांडपाण्याची जमिनीखालची टाकी) असतो, त्यांच्या यार्डात टँकमधलं पाणी जमिनीत मुरवायला हे ड्रेन फील्ड असतं ना, त्यात खाली खडी आणि भोकांचे पाईप, वर माती कमी, म्हणून तिथलं गवत आधी सुकतं नि पट्टे दिसतात, पाऊस पडला की परत हिरवं होतं. स्प्रिंकलर लावलात तर माती भिजलेलीच राहते आणि टँकमधून येणारं पाणी मुरायला जागाच उरत नाही. मॉवर चालतो, पण गाडी नेऊ नका, माती दबते. झाडं तर लावूच नका, मुळं पाईपात शिरतात. खरी काळजी कधी, तर कोरड्या दिवसांतही एखादा पट्टा गर्द हिरवा, पायाखाली पचपचीत आणि वास येत असेल तेव्हा, लगेच सेप्टिकवाल्याला बोलवा. टँक तसाही ३ ते ५ वर्षांनी उपसायचा असतो.