छत्तीसचा आकडा

अमळनेर,
रविवार सकाळ

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तू इंग्लंडहून पाठवलेला मेसेज रात्री वाचला. ‘काका, पोलिसांचं पत्र आलंय, तिसाच्या रस्त्यावर छत्तीस, आता काय?’ आणि पुढे तीन रडके चेहरे. म्हणजे मर्यादा ताशी तीस मैलांची आणि कॅमेऱ्यात तुझी गाडी छत्तीसवर. मला आधी हसूच आलं. तुझा नि त्या कॅमेऱ्याचा अगदी खराखुरा छत्तीसचा आकडा निघाला की रे! मग चष्मा लावून तुझा दुसरा मेसेज वाचला आणि हसू गेलं. रूममेट म्हणतो, गाडी चालवणारा म्हणून माझं नाव लिहून दे, माझं लायसन्स जुनं आहे, त्यावर दंडाचे तीन पॉइंट पडले तरी मला काही फरक पडत नाही.

ते करू नकोस. बाकीचं पत्र वाचलं नाहीस तरी चालेल, पण एवढं ऐक. ब्रिटनमध्ये ख्रिस ह्यून नावाचे एक मंत्री होते. मंत्री होण्याआधी, २००३ मध्ये त्यांची गाडी वेगात सापडली आणि पॉइंट बायकोने स्वतःच्या नावावर घेतले. पुढे संसार मोडला, गोष्ट बाहेर आली आणि २०१३ मध्ये दोघांनाही आठ-आठ महिन्यांची कैद झाली. ती वेगासाठी नव्हती, खोटं सांगून न्यायाच्या कामात आडवं आल्याबद्दल होती. मंत्र्याची ही गत, तर व्हिसावर राहणाऱ्या पोराची काय होईल? रूममेटचं मन मोठं आहे. त्याला चहा पाज आणि विषय संपव.

दुसरी गोष्ट, ते पत्र टेबलावर पडू देऊ नकोस. आपल्याकडे ई-चलान आलं की लोक मोबाइलवर बघतात, ‘बघू लोकअदालतीत’ म्हणतात आणि विसरून जातात. एकेका गाडीवर चलानांची माळ लागलेली असते. तिथे लोकअदालत नाही. गाडी कोण चालवत होतं, हे २८ दिवसांत कळवायचं असतं. कळवलं नाहीस तर तो वेगळाच गुन्हा होतो आणि त्याचे पॉइंट सहा, म्हणजे वेगाच्या दुप्पट. तुझं लायसन्स निघून दोन वर्षं झालेली नाहीत. या दोन वर्षांत सहा पॉइंट झाले की लायसन्स रद्द. मग पुन्हा लर्निंगपासून सुरुवात, लेखी परीक्षा, रस्त्यावरची परीक्षा, सगळं नव्याने. आजच फॉर्म भर, खरं लिही आणि पाठव.

त्यानंतर बहुधा तुला वेगाबद्दलच्या कोर्सचं विचारतील. तिसाच्या रस्त्यावर साधारण ३५ ते ४२ मैलांच्या दरम्यान सापडलेल्याला ही सवलत देतात. शंभर पौंड दंड आणि तीन पॉइंट घे, नाहीतर वर्गात येऊन बस. वर्गाची फीसुद्धा ऐंशी ते शंभर पौंडांच्या आसपास, म्हणजे पैसे काही वाचत नाहीत, पण लायसन्स कोरं राहतं. तीन वर्षांत एकदाच मिळते ही संधी. मिळाली तर लगेच हो म्हण.

आता तुला कधी न सांगितलेलं सांगतो. कोव्हेन्ट्रीत असताना मीही हा कोर्स केलाय. तेव्हा ऑनलाइन नव्हता. शनिवारी सकाळी एका हॉटेलच्या हॉलमध्ये चार तास. घरी सांगितलं, ऑफिसचं ट्रेनिंग आहे. तुझ्या काकूला आजतागायत माहीत नाही, तेव्हा तोंड बंद ठेव. वीसेक माणसं होती. कोणीच दुसऱ्याकडे बघत नव्हतं, दवाखान्यात बसल्यासारखं. माझ्या शेजारी सत्तरीच्या एक बाई, मांडीवर पर्स, हातात लायसन्स घट्ट धरलेलं. चाळीस वर्षांत एकही डाग नाही, असं त्यांनी मला दोनदा सांगितलं.

शिकवणाऱ्याने आधी विचारलं, वेग का वाढला? एक म्हणाला, मागचा गाडीवाला चिकटून येत होता. एकीला मुलाला आणायला उशीर झाला होता. मी म्हणालो, उतार होता. बाई म्हणाल्या, मला वाटलं तिथे चाळीस आहे. शिकवणाऱ्याने काही न बोलता पडद्यावर एक फोटो लावला. दोन्ही बाजूंना घरं, दिव्यांचे खांब, पाटी कुठेच नाही. इथे मर्यादा किती? अर्ध्या हॉलचं उत्तर चुकलं, माझंसुद्धा. दिव्यांचे खांब ठरावीक अंतरावर, म्हणजे फार तर १८३ मीटरवर एक असे असतील आणि वेगळी पाटी नसेल, तर इंग्लंडमध्ये तिथे तीस. खांब हीच पाटी. (वेल्समध्ये २०२३ पासून अशा रस्त्यावर वीस झालेत, तिकडे फिरायला गेलास तर ध्यानात ठेव.) पांढऱ्या गोलावर काळी तिरकी पट्टी दिसली की मर्यादा उठली, असं मी चार वर्षं समजत होतो. उठत नाही. मध्ये दुभाजक नसेल तर कारला साठ, असेल तर सत्तर.

त्या दिवशी घरी येताना मला एक गोष्ट लागली, ती तुलाही लागेल असं वाटतं. आपण गाडी शिकलो कुठे? अमळनेर-पारोळा रस्त्यावर. तिथे वेग ठरवतं कोण? खड्डा ठरवतो. गावाच्या तोंडाशी कोणीतरी रातोरात टाकलेला गतिरोधक ठरवतो. कापसाने रस्ताभर फुगलेली ट्रॉली, ठेलाऱ्यांची मेंढरं, नेमकी मध्ये येऊन विचार करत उभी राहिलेली म्हैस. रस्ता अडवेल तिथे थांबायचं आणि मोकळा मिळाला की दे दाबून. वेगाची पाटी तू इथे कधी वाचल्याचं आठवतं का? मला नाही आठवत, आणि माझे बरेच दिवस याच रस्त्यांवर गेलेत. तुमच्याकडे इंग्लंडात रस्ता गुळगुळीत, म्हैस नाही, ट्रॉली नाही. अडवायला कोणीच नाही, म्हणून आपला पाय वर येत नाही. छत्तीस मैल म्हणजे अठ्ठावन्न किलोमीटर. आपल्याकडे अठ्ठावन्नला मागचा माणूस हॉर्न वाजवतो. तू माजलेला नाहीस, हे मला माहीत आहे. तुला ते छत्तीस जाणवलेच नाहीत, आणि जाणवले नाहीत हीच तर भानगड आहे.

सहा मैलांनी काय होतं, असं तू म्हणशील. तिथल्या हायवे कोडच्या, म्हणजे रस्त्याच्या नियमांच्या सरकारी पुस्तकाच्या तक्त्यात तिसाच्या वेगाला थांबायचं अंतर २३ मीटर दिलंय. डोक्याला कळून पाय ब्रेकवर जाईपर्यंत ९ आणि ब्रेक लागल्यावर १४. ब्रेकचं अंतर वेगाच्या वर्गाने वाढतं, हे बारावीला शिकलास, आता वहीवर मांडून बघ. छत्तीसला एकूण ३१ मीटर येतात. आठ मीटर जास्त, म्हणजे आपल्या ओट्यापासून गल्लीच्या पलीकडच्या दारापर्यंत. २३ मीटरवर चेंडूमागे पोरगं धावत आलं, तर तिसाची गाडी त्याच्यासमोर येऊन उभी राहिली असेल. तुझी गाडी त्याच जागी अजून तासाला बावीस-तेवीस मैलांनी चाललेली असेल. त्याचे किलोमीटर केले तर पुन्हा छत्तीसच येतात. मी दोनदा मांडून बघितलं.

कोर्समध्ये तुलाही विचारतील, वेग का वाढला. तेव्हा उतार सांगू नकोस, माझा सांगून झालाय. पाटी बघायची सवयच नाही, असं सरळ सांग. अशा उत्तरावर ती माणसं रागावत नाहीत, उलट पुढचं बोलणं तिथूनच सुरू होतं.

आता हल्ली तो झूमवर होतो, अडीच-तीन तास चालतो. पास-नापास काही नसतं, पण हजेरी खरी लागते. कॅमेरा चालू, लायसन्स हाताशी, फोन दुसऱ्या खोलीत. दहा मिनिटं आधी बस, कारण उशीर झाला तर आत घेत नाहीत, पुन्हा तारीख आणि पुन्हा पैसे. गाडीत बसून करू नकोस. रूममेटला सांग, त्या वेळात कुकर लावू नको. विमावाला पुढे विचारेल किंवा नाही विचारणार. विचारलं तर खरं सांग.

आणि एक बारकी युक्ती, मला तिथेच मिळाली. तिसाच्या रस्त्यावर गाडी तिसऱ्या गिअरमध्ये ठेव. चौथ्यात तीस म्हणजे आवाजच येत नाही, कधी छत्तीस झाले ते कळत नाही. तिसऱ्यात इंजिन कुरकुरायला लागतं, ती कुरकुर म्हणजे तुझी म्हैस.

तुझी आई काल बाजारात भेटली. ‘पोऱ्या बरा शे ना?’ म्हणाली. मी म्हटलं, बठ्ठं बरं शे. कोर्सचं तू स्वतः सांग, पण कोर्स झाल्यावर. आधी सांगितलंस तर ती आठवडाभर जेवणार नाही. बिबड्यांचं पार्सल मंगळवारी टाकतोय. वर जो कागद चिकटवलाय त्याच्यावर तुझा नवा पत्ता बरोबर आहे का, ते तेवढं आज रात्री कळव.

तुझा,
काका