मान वर होईल, डाग मात्र राहील

भाजल्याच्या जुन्या व्रणांवर शस्त्रक्रिया करायचं घाटत असलं की घरच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "डाग पूर्ण जाईल ना?" नाही, जात नाही. ऑपरेशनआधी आणि नंतर रुग्णाशी आणि घरच्यांशी बोलणं हे माझं काम, आणि हे मी पहिल्याच भेटीत सांगून टाकते. प्लास्टिक सर्जन आवळलेली कातडी मोकळी करतात, वाईट व्रणाच्या जागी बरा व्रण आणतात. पण कोरी कातडी कुणालाच देता येत नाही. हे ऐकून बऱ्याच जणांचं तोंड उतरतं. उतरू द्यावं. ऑपरेशननंतर उतरण्यापेक्षा ते बरं.

निफाड तालुक्यातली 22 वर्षांची एक मुलगी. इथे तिला सविता म्हणू. ओळख पटू नये म्हणून तपशीलही थोडे बदललेत. अडीच वर्षांची असताना तिनं चुलीवरचं कढत पाण्याचं पातेलं अंगावर ओढून घेतलं. हनुवटीपासून छातीपर्यंत भाजलं. जखमा भरल्या, पण भरता भरता कातडी आखडली. व्रणाची कातडी मुलाच्या वाढीबरोबर ताणत नाही, त्यामुळे पोर मोठी होत गेली तशी हनुवटी खाली ओढली गेली आणि खालचा ओठही बाहेर वळला.

नाशिकच्या सर्जननी शस्त्रक्रिया सुचवली आणि आधी माझ्याशी बोलून घ्यायला सांगितलं. बोलत होती ती आईच. "मॅडम, डाग निघून जाईन ना? दोन स्थळं फोटो पाहूनच माघारी गेली. यंदा उरकायचंय हिचं." सविता ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती. मी आईला म्हटलं, "ताई, तुम्ही जरा खाली चहा घेऊन या."

मग सविताला विचारलं, "समज, डाग आहे तसाच राहिला, पण मान मोकळी झाली. तर पहिल्यांदा काय करशील?"

बराच वेळ गेला. "वरून पाणी पिईन."

मळ्यात सगळे एकाच बाटलीचं पाणी तोंड न लावता वरून पितात. हिला मान मागे टाकता येत नाही, म्हणून हिचा पेला वेगळा, खुंटीला टांगलेला. कुणी काही बोलत नाही, पण नवी मजूर बाई आली की त्या पेल्याकडे बघतेच. दुसरी गोष्ट बागेतली. द्राक्षाच्या घडांची विरळणी करताना दिवसभर मांडवाकडे बघत उभं राहावं लागतं. घरचीच बाग असून हिला कायम खाली बसून करायची कामं. हे दोन्ही मी तिलाच एका कागदावर लिहायला लावलं आणि तो कागद सर्जनला दाखवायला सांगितला. "चांगलं दिसायचंय" यावर सर्जन काय उत्तर देणार? "मान इतकी मागे जायला हवी" यावर देता येतं.

शस्त्रक्रियेत आखडलेला पट्टा कापून मान सोडवली जाते आणि उघड्या पडलेल्या जागेवर मांडीची कातडी काढून लावतात. म्हणजे मांडीवर नवा डाग येतो. हे आधी सांगितलं नाही तर नंतर फसवल्यासारखं वाटतं. कातडी कुठून तरी आणावी लागतेच. पुण्याकडे कावसजी नावाच्या बैलगाडीवाल्याचं कापलेलं नाक कपाळाची कातडी वळवून पुन्हा घडवलं होतं, त्याची हकीकत 1794 मध्ये लंडनच्या एका मासिकात चित्रासह छापून आली. त्या चित्रात नव्या नाकाबरोबर कपाळावरचा व्रणही दिसतो.

ऑपरेशन नीट झालं. खरी ओढाताण तिसऱ्या आठवड्यात सुरू झाली. लावलेली कातडी काळपट, कडेला उंचवटे, खाज, आणि वर गळ्यात पट्टा. तो काही महिने रात्रंदिवस ठेवावा लागतो, नाहीतर लावलेली कातडी पुन्हा आक्रसते. सविता आरशापुढे जाईना. आई फोनवर म्हणाली, "आधीचंच बरं होतं." हे वाक्य मी इतक्या घरांतून ऐकलंय की त्याची वाटच बघत असते. व्रण निवायला वर्ष-दीड वर्ष लागतं. तोवर मालिश, दाबपट्टी, सिलिकॉनची पट्टी, उन्हापासून जपणं आणि मानेचे व्यायाम. मी सविताला आरसा सोडून दे म्हटलं नाही. रोज मालिश करताना तेवढाच भाग आरशात बघायचा, बोटानं चाचपायचा, मग आरसा बाजूला. जेवण आणि झोप सुटली असती तर मात्र मी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं असतं. तशी वेळ आली नाही.

एसटीत कुणी विचारलं तर काय सांगायचं, तेही आम्ही घोकून घेतलं: "लहानपणी भाजलं होतं, ऑपरेशन झालंय." एवढंच. पुढचं विचारलं तर खिडकीबाहेर बघायचं. प्रत्येकाला सगळी कहाणी सांगायला आपण बांधील नाही.

खर्चाचं म्हणाल तर भाजल्यानंतर आखडलेल्या अवयवाची हालचाल परत मिळवण्याच्या शस्त्रक्रिया महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आहेत. निव्वळ दिसण्यासाठी केलेल्या नाहीत. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेची माहिती देणाऱ्या तिथल्या माणसाला, आधीच गाठावं.

आईशी मी वेगळी बसले. लग्नाचा विषय बाजूला सारल्यावर ती पातेल्यावर आली. त्या दिवशी ती गोठ्यात गेली होती, ते वीस वर्षं कुणाजवळ बोलली नव्हती. मला वाटतं, डाग पूर्ण जावा ही घाई लेकीपेक्षा तिलाच जास्त होती. तिला मी म्हटलं, स्थळाला फोटो पाठवायचा तर मान झाकलेला पाठवू नका. नकार यायचा तो घरबसल्या येऊ दे. हे तिला पटलं नाही. सविताला पटलं, आणि पुढचा फोटो तिनं स्वतः काढून पाठवला. त्याचं अजून उत्तर नाही. विरळणीला मात्र ती यंदा गेली, अर्धा दिवस. त्यापुढे मान दुखते म्हणाली.