पॉलिमरवर काम सुरू करतोय त्या भावासाठी

भाऊ, एमएस्सीच्या प्रोजेक्टला पॉलिमर सोल्युशन घेतलंस ते एकदम भारी, पण आधी एक चित्र डोक्यात पक्कं कर. जिनिंगमधला कापसाचा पुंजका पाण्यात बुडवून हलव, आतलं पाणी पुंजक्यासोबतच जातं ना? पॉलिमरची साखळी, म्हणजे मण्यांच्या माळेसारखा लांबलचक रेणू, तशीच, तिचा एक मणी हलला की बाजूचं पाणी हलतं अन् ते पाणी लांबच्या मण्यालाही ओढतं, यालाच हायड्रोडायनॅमिक इंटरॅक्शन म्हणतात. साखळी कशी हलते याचं गणित मांडताना राउझने १९५३ मध्ये हे धरलं नव्हतं, झिमने १९५६ मध्ये धरलं, म्हणून त्याच्या हिशोबाने थीटा सॉल्व्हंटमध्ये (जिथे साखळी ना फुगते ना आकसते) इंट्रिन्सिक व्हिस्कॉसिटी (विरळ द्रावणात पॉलिमरमुळे घट्टपणा किती वाढतो त्याचं माप) मॉलिक्युलर वेटच्या वर्गमुळाप्रमाणे वाढते, राउझचं ऐकलं तर सरळ प्रमाणात यायला हवी. विरळ द्रावणाला झिमच वापर.

नुसत्या शिअरमध्ये, म्हणजे पाण्याचे थर एकमेकांवर घसरतात तेव्हा, साखळी ताणते, कोलांटी घेते, परत गुंडाळते. पण पाणी रुंद नळीतून बारीक छिद्रात शिरतं तिथे स्ट्रेन रेट (प्रवाह किती वेगाने ताणतो) गुणिले रिलॅक्सेशन टाइम (ताणलेली साखळी परत गुंडाळायला लागणारा वेळ) साधारण ०.५ च्या वर गेला की ती एकदम उलगडते, हे भौतिकशास्त्रज्ञ डी जेन्सने १९७४ मध्ये मांडलं.

मी एकदा पॉलिइथिलीन ऑक्साइड हे पाण्यात विरघळणारं पॉलिमर घाईत स्टररवर फुल स्पीडला फिरवलं, दुसऱ्या दिवशी बोटांत पाकासारखी तार यायची ती येईचना, साखळ्याच तुटलेल्या! तू रात्रभर हळूहळू विरघळू दे. आणि मे महिन्यात जळगावात तापमान स्थिर ठेवणाऱ्या वॉटर बाथशिवाय रीडिंग घेऊच नको, नुसत्या पाण्याचीच व्हिस्कॉसिटी २५ डिग्रीला ०.८९ मिलिपास्कल सेकंद असते अन् ४० ला ०.६५ वर येते.